सांध्यांचा क्षय आणि घरातील खोकला

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आपण मला दिले होते. उत्सवाच्या मंडपात क्षयरोगाचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु जवळजवळ चाळीस वर्षे हाडांचा आणि सांध्यांचा डॉक्टर म्हणून काम केल्यानंतर एक गोष्ट जाहीरपणे सांगण्याचे कर्तव्य माझ्याकडून राहून गेले आहे. ती सांगण्यासाठी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत कुटुंबे एकत्र बसली आहेत अशी सभा मला हवी होती. कारण ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, तो एका व्यक्तीच्या सांध्यात दिसत असला तरी त्याचा प्रतिबंध त्या एकट्या व्यक्तीला करता येत नाही. तो साऱ्या घराला मिळून करावा लागतो.

प्रारंभी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकिकत सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई माझ्याकडे आली. मुलीचा उजवा गुडघा तीन महिन्यांपासून सुजला होता. शाळेत पडल्याचे निमित्त झाले होते. त्यानंतर तेलाने चोळणे झाले, हाडवैद्याचा लेप झाला, कोणीतरी गुडघ्यात इंजेक्शनही दिले होते. मी सांध्यातील अस्तराचा तुकडा काढून तपासणीस पाठविला. निदान क्षयाचे झाले. औषधे सुरू केली, काही आठवडे पायाला वजन लावून विश्रांती दिली, मग व्यायाम शिकविले. वर्षभराने ती मुलगी जवळजवळ पूर्ण मांडी घालून बसू लागली. आईने पेढे आणून दिले. मीही समाधान पावलो.

त्यानंतर दीड वर्षाने तीच माउली पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी कडेवर पाच वर्षांचा मुलगा होता. तो पाठ ताठ धरून चालत असे. जमिनीवरची गोटी उचलायची झाली तर वाकत नसे, गुडघ्यावर हात टेकवून खाली बसत असे. त्याच्या कण्याचे दोन मणके क्षयाने पोखरले गेले होते आणि पायांतील शक्ती कमी होऊ लागली होती. त्या दिवशी मी प्रथमच विचारले, ‘‘घरात कोणाला खोकला आहे का?’’

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मामंजींना आहे, डॉक्टरसाहेब. पण तो विडीचा खोकला, असं सगळे म्हणतात. धाकट्या वन्संचं लग्न जमायचं होतं, म्हणून दवाखान्यात नाव लिहायला नको, असं घरात ठरलं होतं.’’

दोन्ही मुले माजघरात आजोबांच्या कुशीत झोपत असत. आजोबांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. उपचारांनी ते बरे झाले. मुलाच्या पायांत शक्ती परत आली, परंतु पाठीचे कुबड कायम राहिले.

त्या रात्री मी मुलीचे जुने कागद काढून वाचले. गुडघ्याविषयी तीन पाने लिहिलेली होती. घराविषयी एक ओळही नव्हती. मी तिचा गुडघा वाचविला, पण त्याच घरात झोपणाऱ्या तिच्या भावाचा विचार केला नाही. सांध्याच्या क्षयाचा प्रतिबंध सांध्यापाशी सुरू होत नाही, घरातील खोकल्यापाशी सुरू होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्षात ते त्या मुलाने शिकविले.

जंतू सांध्यापर्यंत कसा पोहोचतो?

सांध्याचा क्षय पडल्यामुळे, थंड पाण्यामुळे, वातामुळे किंवा आंबट खाल्ल्यामुळे होत नाही. मार लागल्याचे निमित्त बहुधा इतकेच असते की, त्यामुळे आपले लक्ष त्या सांध्याकडे जाते.

फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते, शिंकते किंवा मोठ्याने बोलते, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. बंद, अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. दुसऱ्याच्या श्वासावाटे ते फुप्फुसात उतरतात. बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती या जंतूंना तेथेच कोंडून ठेवते. परंतु तत्पूर्वी काही जंतू रक्तात शिरून दूरवर जाऊन बसतात. मणके, खुब्याचा सांधा, गुडघा, म्हणजे जेथे हाडांना विपुल रक्तपुरवठा असतो, अशा ठिकाणी ते आश्रय घेतात. तेथे ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. कुपोषण, मधुमेह, एचआयव्हीची बाधा, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे किंवा वार्धक्य यांमुळे शरीराचा पहारा ढिला पडला की ते जागे होतात.

जंतूची बाधा झालेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. शंभर बाधितांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. एकूण क्षयरुग्णांपैकी शंभरात एक ते तीन जणांना हाडांचा किंवा सांध्यांचा क्षय असतो. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत कणा, त्याखालोखाल खुबा आणि गुडघा यांना बाधा होते. हे प्रमाण अल्प वाटेल. परंतु जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अल्प प्रमाणामागे केवढी मोठी संख्या आहे, ते समजते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, केवळ सांध्याचा क्षय असलेल्या रुग्णापासून इतरांना सहसा संसर्ग होत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळी करण्याचे, त्याला दूर बसविण्याचे काहीच कारण नाही. दुसरी, लहान मुलाच्या सांध्यात क्षय आढळला, तर त्याच्या निकटच्या सहवासात खोकणारे कोणीतरी आहे किंवा नुकतेच होते, असे मानून शोध घेतलाच पाहिजे.

मागील पिढ्यांचा अनुभव

हा रोग नवा नाही. इजिप्तमधील प्राचीन ममींच्या कण्यांत त्याच्या खुणा सापडल्या आहेत. चरकसंहितेत राजयक्ष्म्याचे वर्णन आहे. १७७९ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी कण्याचे कुबड आणि पायांचा लुळेपणा यांचा संबंध वर्णन केला. म्हणून कण्याच्या क्षयाला आजही त्यांचे नाव दिले जाते. परंतु रोगाचे कारण कोणालाच ज्ञात नव्हते. ते २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जाहीर केले. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

कारण कळले, तरी औषध नव्हते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी क्षयाने जर्जर झालेल्या गुडघ्याला दीर्घ विश्रांती देण्यासाठी एक चौकट तयार केली. पुढे मांडीच्या अस्थिभंगासाठी जगभर वापरली गेलेली ‘थॉमस स्प्लिंट’ ती हीच. स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे ऑग्युस्त रोलिए यांनी १९०३ पासून हाडांच्या क्षयाच्या रुग्णांवर सूर्यप्रकाशाचे उपचार केले. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या दरम्यान असलेल्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय अनेक जुन्या मंडळींना आठवत असेल. मोकळी हवा, ऊन, दूध आणि विश्रांती हेच तेव्हाचे औषध होते. मुले महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे, प्लॅस्टरमध्ये निजून असत. रोग शमला तरी सांधा बहुधा कायमचा आखडत असे.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि १९५२ पासून आयसोनियाझिड वापरात आले. त्यानंतर हे चित्र पालटले. या पालटात भारताचा वाटा मोठा आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्याला घरीच. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरी उपचार घेणारेही आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे झाले. आणखी महत्त्वाचे असे की, घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण वाढले नाही. संसर्ग प्रामुख्याने होतो तो निदानापूर्वी, रोग दडलेला असताना. योग्य औषध सुरू झाले की संसर्गाची शक्ती लवकरच ओसरते.

बंधुभगिनींनो, या निष्कर्षाचा अर्थ आपण अद्याप मनात पुरता उतरविलेला नाही. धोका औषध घेणाऱ्या रुग्णापासून नाही. धोका आहे तो न तपासलेल्या, न सांगितलेल्या खोकल्यापासून.

हाडांच्या क्षयातही औषधांनी अशीच क्रांती केली. वाराणसीचे प्राध्यापक सु. म. तुली यांनी १९७५ मध्ये कण्याच्या क्षयासाठी ‘मध्यम मार्ग’ मांडला. प्रत्येकावर शस्त्रक्रिया नको आणि कोणावरच नको असेही नको. सर्वांना औषधे द्यावीत आणि आवश्यक तेथेच शस्त्रक्रिया करावी. आज जगभर हाच विचार मान्य आहे.

पहिली पायरी : खोकल्याची तपासणी

दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, मग तो विडीचा वाटो, दम्याचा वाटो वा वयाचा वाटो, तपासून घेतलाच पाहिजे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे, बेडक्यात रक्त पडणे ही लक्षणे असतील तर एक दिवसही दवडू नये. बेडक्याची तपासणी आणि छातीचा क्ष-किरण फोटो सरकारी दवाखान्यात विनामूल्य होतो.

२०१९ ते २०२१ या काळात आपल्या देशात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोणताही वैद्यकीय सल्ला घेतलेला नव्हता आणि त्यांतील बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचे सांगितले. माझ्या रुग्णाचे आजोबा याच ६४ टक्क्यांसारखे होते. फरक इतकाच की, त्यांचे दुर्लक्ष हा साऱ्या घराचा निर्णय होता.

निदान होईपर्यंत आणि औषधाचे पहिले काही आठवडे रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरावा, इतस्ततः थुंकू नये, लहान मुलांसमवेत एकाच बंद खोलीत झोपू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. खेळती हवा ही बिनखर्चाची आणि अत्यंत परिणामकारक दक्षता आहे.

दुसरी पायरी : सहवासातील व्यक्तींचे रक्षण

फुप्फुसाचा रुग्ण सापडला की घरातील सर्वांची तपासणी व्हावी. ज्यांना रोग झालेला नाही, परंतु जंतू शरीरात दडून बसलेला असण्याचा संभव आहे, त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. आयसोनियाझिड सहा महिने रोज घेणे हा एक मार्ग. आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन यांची मात्रा आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रा घेणे हा दुसरा. पूर्वी ही औषधे प्रामुख्याने पाच वर्षांखालील मुलांना देत असत. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार घरातील सर्व निकटवर्तीयांचा त्यात विचार होतो. मात्र प्रत्यक्ष रोग नाही याची खात्री करूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती घ्यावीत. रोग असताना प्रतिबंधाची अपुरी मात्रा घेतल्यास जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

‘धडधाकट मुलाला औषध कशाला?’ असा प्रश्न पालक विचारतात. मी त्यांना त्या पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो. बहिणीचे निदान झाले त्या दिवशी तोही धडधाकटच होता.

तिसरी पायरी : लस, दूध आणि अन्न

बाळाला जन्मतः देण्यात येणारी बीसीजी लस १९२१ मध्ये प्रथम वापरली गेली. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिचे संरक्षण भरवशाचे नाही, हे आपल्याच देशात चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने दाखवून दिले. परंतु लहान मुलांत रक्तावाटे शरीरभर पसरणारा क्षय आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय यांपासून ती चांगले संरक्षण देते. सांध्यांचा जंतूही रक्तावाटेच येतो, म्हणून लसीची टाळाटाळ नको. त्याचबरोबर, लस दिली म्हणून खोकणाऱ्या माणसाजवळ मूल निर्धास्तपणे झोपवावे, असेही नाही.

दुधाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गोवंशातील क्षयजंतू कच्च्या दुधातून माणसात येतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये मुलांच्या मानेच्या गाठी, हाडे आणि सांधे यांचा क्षय या दुधामुळे मोठ्या प्रमाणावर होत असे. दुधाचे पाश्चरीकरण आणि गुरांची तपासणी रूढ झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या घरांत दूध उकळूनच घेण्याची रीत आहे. अलीकडे ‘गोठ्यातून थेट’ म्हणून निरसे दूध पिण्याची टूम निघाली आहे. कृपा करून आजीची रीत सोडू नका.

आणि आता अन्न. पूर्वी याला आम्ही डॉक्टर केवळ पूरक गोष्ट मानत असू. २०१९ पासून झारखंडमधील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या काही कुटुंबांतील व्यक्तींना दरमहा तांदूळ आणि डाळ पुरविण्यात आली. ज्या कुटुंबांतील व्यक्तींना हे धान्य मिळाले नाही, त्यांच्या तुलनेत यांच्यात सर्व प्रकारच्या क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाने इतका प्रतिबंध होऊ शकतो, हे वाचून मी थक्क झालो. महागड्या पावडरींची गरज नाही. वाढत्या वयाच्या मुलांना डाळी, उसळी, शेंगदाणे, दूध, दही, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि तेल पुरेशा प्रमाणात मिळेल, एवढे पाहावे. उपचार चालू असताना ज्यांना उपवास करावयाचे असतील, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

मधुमेहामुळे क्षयाचा धोका दुपटीहून अधिक होतो, म्हणून रक्तातील साखर काबूत ठेवणे हाही प्रतिबंधच आहे. आमवातासाठी जी नवी, प्रतिकारशक्ती दडपणारी इंजेक्शने दिली जातात, ती सुरू करण्यापूर्वी शरीरात सुप्त क्षय आहे का, याची तपासणी अवश्य करून घ्यावी. सांधा दुखतो म्हणून घेतलेल्या औषधाने सांध्याचा वा फुप्फुसाचा क्षय जागा होऊ नये.

चौथी पायरी : सांधा निकामी होण्यापूर्वी ओळख

एवढी दक्षता घेऊनही काहींना रोग होईल. त्यांच्या बाबतीत पंगुत्व टाळणे हाच प्रतिबंध. येथे निसर्गाने आपल्याला थोडी सवड दिली आहे. पू करणारे इतर जंतू काही दिवसांत सांध्याची कूर्चा विरघळवितात. क्षयजंतू मात्र संथपणे काम करतो. प्रथम सांध्याचे अस्तर सुजते, मग कूर्चेला कडेने बाधा होते, शेवटी हाडे झिजून सांधा आखडतो. पहिल्या टप्प्यात उपचार झाले तर सांधा जवळजवळ पूर्ववत होऊ शकतो. तिसऱ्या टप्प्यात रोग बरा होतो, सांधा मात्र परत मिळत नाही.

म्हणून ही लक्षणे लक्षात ठेवावीत. एकच सांधा कित्येक आठवडे सुजलेला, थोडासा ऊबदार, फारसा न दुखणारा. संध्याकाळी वाढणारे लंगडणे. दुखऱ्या पायाची मांडी बारीक होत जाणे. मूल रात्री झोपेतून किंचाळून उठणे. जागेपणी दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू त्याला आवळून धरतात. झोपेत ते सैल पडतात, सांधा हलतो आणि वेदना उसळते. आई समजते, मुलाला वाईट स्वप्न पडले. कण्याच्या क्षयात पाठ ताठ राहते, वाकणे नकोसे होते. काही रुग्णांत मांडीत किंवा जांघेत न दुखणारे, गरम न लागणारे गळू येते. ताप आणि वजनातील घट अनेकांत नसतेच. छातीचा फोटोही कित्येकदा स्वच्छ असतो, त्यावरून क्षय नाही असा निष्कर्ष काढू नये.

सहा आठवडे टिकलेल्या सांध्याच्या सुजेला चोळू नये, तिच्यावर डाग देऊ नये आणि निदान होण्यापूर्वी त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये. त्या इंजेक्शनने चार दिवस बरे वाटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. आरंभी साधा क्ष-किरण फोटो निर्दोष दिसू शकतो. एमआरआयने बाधा लवकर दिसते, परंतु खात्री होते ती सांध्यातील द्रव किंवा अस्तराचा तुकडा तपासल्यावर. आज सीबीनॅट आणि ट्रूनॅट या चाचण्यांनी जंतू आणि त्याची औषधाला दाद देण्याची क्षमता काही तासांत कळू शकते. यांतील ट्रूनॅट ही गोव्यातील कंपनीची भारतीय बनावटीची चाचणी असून जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०२० मध्ये मान्यता दिली. सांध्यात जंतूंची संख्या कमी असते, त्यामुळे चाचणी नकारात्मक आली तरी शोध तेथेच थांबवू नये.

पाचवी पायरी : औषधांची पूर्तता

हाडांच्या क्षयाची औषधे सामान्यतः बारा महिने, काही रुग्णांत अठरा महिन्यांपर्यंत घ्यावी लागतात. तिसऱ्या महिन्यात सूज उतरते, रुग्णाला बरे वाटते, आणि नेमके त्याच वेळी औषध सुटते. अर्धवट उपचारांनी उरलेले जंतू अधिक चिवट होतात. लघवीला नारिंगी रंग येतो, त्याने घाबरू नये. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या किंवा दृष्टी अंधुक झाली, तर तत्काळ डॉक्टरांना भेटावे. ही औषधे सहसा दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या मंडळींनाही काही अडचण येत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात औषधे विनामूल्य मिळतात. पोषणासाठी २०१८ मध्ये सुरू झालेले दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. ते घेण्यात कमीपणा मानू नये.

एक विनंती

आता सर्वांत अवघड विषयाकडे येतो. त्या आजोबांचा खोकला अज्ञानामुळे लपविला गेला नव्हता. घरातील मंडळी सुशिक्षित होती. मुलीच्या लग्नाला बाधा येईल, या भीतीने तो लपविला गेला. ही भीती त्या घराने निर्माण केलेली नव्हती. आपण सर्वांनी मिळून ती निर्माण केली आहे. स्थळ पाहताना ‘त्यांच्या घरात क्षय होता म्हणे’ असे कोणीतरी कुजबुजते आणि आपण ऐकून घेतो. उपचार पूर्ण केलेली व्यक्ती विवाह करू शकते, मातृत्व स्वीकारू शकते, निरोगी आयुष्य जगू शकते. क्षय आनुवंशिक नाही. आपल्यापैकी ज्येष्ठांनी ही कुजबुज एकदा जरी भर बैठकीत थांबविली, तरी ते आमच्या शेकडो औषधांइतके मोलाचे काम होईल.

संस्थांनाही पुष्कळ करता येईल. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात संस्था आणि व्यक्तींना ‘नि-क्षय मित्र’ होऊन रुग्णांना दरमहा धान्याची शिदोरी देता येते. आपल्यासारख्या संस्थेने असे साहाय्य करावयाचे ठरविले, तर माझी एवढीच सूचना आहे की, शिदोरी एकट्या रुग्णापुरती न ठेवता घरातील मुलांपर्यंत पोहोचेल अशी असावी. आणि ती देताना छायाचित्र काढू नये. लपून राहण्याची इच्छा ज्या घराला आहे, तेथे मदतही अबोलपणे जावी.

शेवटी त्या मुलीविषयी सांगतो. मागील वर्षी ती आपल्या मुलाला दाखविण्यासाठी आली होती. खेळताना मनगट मुरगळले होते, विशेष काही नव्हते. मी तपासू लागलो, तेव्हा मी विचारण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘‘डॉक्टरकाका, घरात कुणाला खोकला नाही. सासूबाईंना होता तीन आठवडे. मीच त्यांना तपासायला घेऊन गेले. काही निघालं नाही.’’ तिचा भाऊ आज नोकरी करतो. त्याची पाठ तशीच आहे.

आज घरी गेल्यावर आपणही एकदा हा प्रश्न विचारावा, ‘‘घरात कोणाला खोकला आहे का?’’ उत्तर ‘हो’ असेल, तर त्या व्यक्तीला रागावू नये, दूर लोटू नये. तिचा हात धरून दवाखान्यात न्यावे.